गणतीच्या वेळी गैरहजर

१

सकाळी नऊ वाजता बुद्धभूषण थोरवडे संघाचं कुलूप काढायचा, काचेच्या खोलीबाहेर चप्पल सोडायचा आणि आत जाऊन रात्रंदिवस चालणाऱ्या सर्व्हरचा पडदा लावायचा. चप्पल बाहेर सोडायची पद्धत कुणी पाडली, हे कुणालाच सांगता आलं नसतं. धुळीनं मशीन बिघडतं, असं विकणारा बोलून गेला होता. लोकांनी त्या खोलीचं देवघर करून टाकलं. नैवेद्य तेवढा ठेवत नव्हते.

संघ म्हणजे कराडचा मोरझरी धरणग्रस्त संघ. सदुसष्ट साली घाटात मोरझरीचं धरण भरलं आणि तीन गावं पाण्याखाली गेली. निम्मी माणसं कराड-उंब्रजच्या बाजूला येऊन वसली, निम्मी सांगली जिल्ह्यात कालव्याच्या कडेला. पाण्यानं सगळ्यांना एकत्र बाहेर काढलं, आणि बाहेर आल्या आल्या त्यांनी दोन तट पाडले. अध्यक्ष नानासो साताऱ्याच्या बाजूचे, उपाध्यक्ष बाळासो सांगलीच्या बाजूचे. ऑफिसात भिंतीवर घड्याळं दोन, कॅलेंडरं दोन. चहासुद्धा दोन टपऱ्यांवरनं यायचा, आणि कोण कुठला चहा पितो यावरनं माणूस कुणाचा ते ठरायचं. भूषण दोन्ही प्यायचा. त्याला पित्ताचा त्रास होता.

कॉम्प्युटर आला तेव्हाही तेच झालं. व्हायरस नावाचं काहीतरी असतं आणि ते आत शिरून माहिती खातं, एवढं कानावर आल्यावर नानासोंनी साताऱ्याच्या आपल्या भाच्याकडचा अँटिव्हायरस बसवला. आठ दिवसांत बाळासोंनी सांगलीच्या आपल्या साडूकडचा दुसरा बसवला. एक असताना दुसरा कशाला, असं विचारायची कुणाची छाती झाली नाही. सोमवारी एस. टी.च्या पार्सलनं साताऱ्याची फ्लॉपी यायची, गुरुवारी सांगलीची. भूषण दोन्ही घालायचा.

पडदा लागला की त्यावर दोन ओळी उमटायच्या. साताऱ्याचा सांगायचा, ६४१ फायली तपासल्या. मागोमाग सांगलीचा सांगायचा, ६४१. एका कुटुंबाची एक फाइल. चार वर्षं खपून भूषणनं एकट्यानं गणतीच्या जुन्या वह्यांवरून टाइप केल्या होत्या. वह्यांचा तोवर वाळवीनं भुसा केला होता. तीन गावांचं जे काही उरलं होतं ते आता त्या एका डब्यात होतं.

पंचवीस मार्चला, मंगळवारी, दोन्ही ओळींत ६४२ आलं.

भूषणनं पडद्यावर बोट ठेवून पुन्हा वाचलं. एखादा चुकला असता तर गोष्ट वेगळी होती. दोघं मिळून एकच चूक कशी करतील, असं त्याच्या मनात आलं, आणि तेवढ्यात नानासोंचा चहा आला.

२

अकरा वाजता सर्व्हर पडला. पडदा निळा झाला आणि आतली चकती खरवडल्यासारखा आवाज करत राहिली. डिस्क भरली, असं मशीन सांगत होतं. काल संध्याकाळी ती निम्मी रिकामी होती आणि रात्रीत कुणी एक अक्षरही टाइप केलं नव्हतं.

दुरुस्तीचं काम मोहसीनकडं होतं. त्याचे वडील पीरमहंमद सांगलीत सायकली दुरुस्त करायचे. मोहसीन सर्व्हरही तसाच दुरुस्त करायचा, मांडी घालून, आधी सगळं खोलून. दुपारच्या गाडीनं तो आला, तासभर आत बसला आणि कपाळ पुसत बाहेर आला.

"भूषणभाऊ, तुमचं दोन पहारेकरी एकमेकांच्या उरावर बसल्यात," तो म्हणाला. "एकानं एक फाइल धरली, आपल्या कोठडीत टाकली. दुसरा बघतोय, ह्याच्या कोठडीत चोर हाय. त्यानं तितनं उचलली, आपल्या कोठडीत टाकली. मग पयल्याला ती परत दिसली. दर खेपेला दोघंबी एकेक नक्कल ठेवत्यात. रातभर हेच चाललंय. डिस्क भरंल न्हाई तर काय हुईल?"

"मग करायचं काय?"

"दोनातला एक काढायचा."

"कुणाचा?"

मोहसीन हसला. चार वर्षं येत होता, त्यालाही इथलं सगळं ठाऊक होतं. तरी विचारून पाहायचं म्हणून भूषण नानासोंकडं गेला. नानासो म्हणाले, "काढायचा तर सांगलीचा काढा. आमचा आदी आलाय." बाळासो फोनवर म्हणाले, "आमच्याला हात लावला तर आमची दोनशे नव्वद कुटुंबं उद्याच्या उद्या संघातनं भायेर." दोघंही राहिले. मोहसीननं डिस्क झाडून दिली आणि तो सांगलीला गेला.

सर्व्हर पडायला हा महिना फार वाईट होता. एकतीस मार्चला धरणग्रस्तांची शेवटची यादी जिल्ह्याला जायची होती. यादीत नाव असेल त्याला कालव्याखालची दीड एकर जमीन मिळणार होती, आणि त्यानंतर हे प्रकरण सरकारदरबारी कायमचं बंद होणार होतं.

आणि त्या ६४१ फायलींमध्ये भूषणचं स्वतःचं घर नव्हतं. पानशेंडी गावात ओढ्यापलीकडं थोरवड्यांचं एकटं घर होतं. गणती झाली त्या दिवशी त्याचे आईवडील धरणाच्या भिंतीवर खडी फोडायला गेले होते. जी भिंत त्यांचं घर बुडवणार होती तिच्यावरच मजुरीला गेल्यामुळं ते घरी नव्हते. कारकून देवळात बसून नावं घेत होता. ओढा ओलांडून त्या घरापाशी जायची त्याला गरज वाटली नाही, आणि का वाटली नाही हे गावात लहान पोरालाही माहीत होतं. वहीच्या शेवटी त्यानं एक ओळ लिहिली, 'एक घर, गणतीच्या वेळी गैरहजर.' नाव नाही, गाव सोडल्याचा दाखला नाही. तीस वर्षं भूषणची आई आक्काताई त्या ओळीचे हेलपाटे घालत होती. भूषणनं हे काम धरलं ते वह्यांमध्ये कुठंतरी आपलं नाव सापडेल या आशेनं. चार वर्षांत इतर सगळ्यांची सापडली.

३

बुधवारी पुन्हा ६४२. भूषण दोघांच्या नोंदी उघडून बसला. दोघांनी रात्रभर ओढाताण केलेली फाइल एकच होती. तिचं नाव होतं, पानशेंडी ११३.

पानशेंडीत घरं एकशे बारा. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी भूषणनं हा आकडा सांगितला असता. एकशे बारावं घर गुरवाचं, त्यानंतर ती नाव नसलेली ओळ, मग वही संपली.

फाइल उघडेना. एका कोठडीतून दुसरीत जाताना ती दोन-तीन सेकंद मोकळी असते, असं मोहसीन म्हणाला होता. तेवढ्यात तिला गाठायचं होतं. भूषण कळ दाबत राहिला. खोलीत पंखा बंद होता, मार्चचं ऊन काचेवर आलं होतं, आणि तरी त्याच्या तळपायांना फरशी गार लागत होती. दहा वेळा हुकलं. अकराव्या वेळी पडद्यावर फॉर्म उघडला.

गाव पानशेंडी. घर ओढ्यापलीकडं. बयाबाई गंगाराम थोरवडे, वय ९४, हजर. जोतिबा गंगाराम थोरवडे, वय ६१, हजर. आक्काताई जोतिबा थोरवडे, वय ५४, गैरहजर. बुद्धभूषण जोतिबा थोरवडे, वय ३१, गैरहजर. गणतीची तारीख २५ मार्च १९९७.

मग फाइल मिटली.

भूषणला पहिल्यांदा आनंदच झाला. खोटं कशाला बोला. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते शर्टाच्या बाहीनं पुसले. तीस वर्षांनी त्यांच्या घराला नंबर मिळाला होता.

मग तो विचार करायला लागला. बयाबाई त्याची आजी, ती धरण भरलं त्या सालीच गेली. जोतिबा त्याचे वडील, त्यांना जाऊन सोळा वर्षं झाली. पण वयं तर प्रोग्राम स्वतःच काढतो, जन्मसालावरून. कोण मेलं कोण जगलं, हे त्याला काय कळणार? तारीख चुकली असेल, सदुसष्टचं सत्त्याण्णव व्हायला आकड्यांच्या कळांवर बोट एक कळ वर पडलं तरी पुरतं. महिना-दिवससुद्धा असाच कुठूनतरी आला असेल. एकेका गोष्टीला त्यानं उत्तर शोधलं. ही फाइल टाइप कुणी केली, एवढ्याला मात्र उत्तर नव्हतं, म्हणून तो प्रश्न त्यानं बाजूला ठेवला. गरजवंत माणूस असे प्रश्न बाजूलाच ठेवतो.

४

संध्याकाळी तो कराडला लागूनच असलेल्या मलकापूरला घरी गेला. घर म्हणजे भाड्याची एक खोली, मागं पडद्याआड मोरी. आक्काताई दिव्यापुढं बसून वंदना म्हणत होती. ती संपेपर्यंत तो दाराशी थांबला. या घरात भूत-प्रेत, देवदेवस्की, अंगात येणं यांतलं काही मानायचं नाही, ही जोतिबांची शिकवण होती, आणि भूषणनं ती पाळली होती. आजही त्याला भीती वाटत नव्हती. नुसतं एक विचारायचं होतं.

"आई, गणतीच्या दिवशी आजी कुठं होती?"

आक्काताईनं त्याच्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत त्यानं हे कधी विचारलं नव्हतं.

"घरातच हुती की. आमी दोगं धरनाच्या भिंतीवर, तुला पाठीला बांधल्यालं. आत्ती येकटीच हुती. देवळाकडनं नावं घेत्याली आयकू आली तशी ती वड्यापतूर गेली आन अल्याडनंच वरडली, आमी हाय, सगळी हजर हाय म्हनून. सायेब म्हनला, मानूस दिसल्याबिगर मी लिवत न्हाई. आत्ती म्हनली, पोरगा-सून कामावर गेल्यात, दुपारच्याला येत्यात, वाईच थांबा. त्यो थांबला न्हाई. म्हनला, परत कवातरी यीन."

"मग?"

"मग काय. पानी यायला लागलं. सगळी निगाली. आत्ती म्हनली, सायेब परत येनार हाय, घरात कुनीतरी पायजे, तुमी व्हा म्होरं. ह्यांनी हाताला धरून वडली, तर उंबऱ्याला धरून बसली. दुसऱ्या दिशी हे गेले तवा वड्याचा पत्ताच नव्हता. पोलिसानं म्हनलं, ह्या नावाची बाई यादीत न्हाई, मंग बुडली कशी?"

भूषणनं फाइलचं काही सांगितलं नाही. कागद हातात आल्यावरच सांगू, असं त्यानं ठरवलं. जेवताना त्याला वाटलं, आईच्या पातळाचे काठ ओले आहेत. मोरीतनं आली असेल.

५

गुरुवारी सर्व्हर दोनदा पडला, शुक्रवारी तीनदा. दर वेळी उठताना तो काहीतरी गिळून उठायचा. पडद्यावर आकडा ६४२ वरून ६३९ झाला, मग ६३५. ज्या फायली गेल्या त्या उघडल्या की आत नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. रोज संध्याकाळी एकाच टेपवर उतरणारी नक्कलही त्याच कोठड्यांमधून जात होती, तिच्यातही तेच चौकोन निघाले. पानशेंडी ११३ मात्र जशीच्या तशी होती. तिला दोघांनी दोन बाजूंनी धरून ठेवलं होतं.

शुक्रवारी दुपारी उंब्रजहून तात्याबा आला. सत्तरीचा म्हातारा, आठवड्यातनं एकदा यायचा, काचेबाहेर चप्पल सोडून उभा राहायचा आणि एकच विचारायचा.

"आवं थोरवडे, माझं नाव हाय न्हवं?"

भूषणनं पाहिलं. तात्याबाची फाइल सकाळीच गेली होती. पडद्यावर चौकोनांची रांग होती.

"सगळं ठीक आहे, तात्याबा," तो म्हणाला. "काळजी करू नका."

म्हाताऱ्यानं हात जोडले आणि तो जिना उतरून गेला. आवाज इतका सहज निघाला, याचं भूषणलाच नवल वाटलं.

शनिवारी मोहसीन आला तो दार लावून घेऊनच बोलला. "भूषणभाऊ, कुनाला कळायचं न्हाई. मी येक काढतो, पडद्यावर त्याची ओळ तेवढी ठेवतो. नानासोबी खूश, बाळासोबी खूश. आज काढला तर बाकीचं वाचंल."

"आणि ती एक फाइल? जिच्यावरनं भांडतात ती?"

"तिचा निकाल लागनार. जो ऱ्हाईल त्यो तिला पुसून टाकनार. दोगं भांडत्यात म्हनूनच ती जित्ती हाय."

खोलीत चकतीचा आवाज येत होता, मध्येच थांबायचा, पुन्हा यायचा. फाइल दोन सेकंदांत उघडता येत होती, पण छापायला पाच-सहा सेकंद लागत होते. दोन दिवस त्याची खटपट चालली होती आणि दर वेळी कागदावर नुसतं गावाचं नाव येऊन प्रिंटर थांबत होता.

"सोमवारपर्यंत थांब," तो म्हणाला.

"तवर किती जातील म्हायती हाय का?"

"माहीत आहे."

मोहसीननं त्याच्याकडं निरखून पाहिलं, बॅग उचलली आणि सोमवारी सकाळी येतो म्हणून गेला. तीस वर्षं सगळ्यांनी आपल्याला वगळलं, आता दोन दिवस आपण आपलं पाहिलं तर काय बिघडलं, असं भूषण स्वतःला सांगत राहिला. ते त्याला पटतही होतं. पटत होतं म्हणून तर जास्त वाईट वाटत होतं.

६

सोमवारी, एकतीस तारखेला, सकाळी साडेदहाला फाइल छापून आली. कसं ते भूषणलाही कळलं नाही. त्यानं कळ दाबली आणि प्रिंटर न थांबता चालत राहिला, जणू या खेपेला दोघांनीही धरलेलं सोडून दिलं. कागद हातात आला तो दमट होता. वाचत बसायलाही त्याला धीर नव्हता. शिक्का त्याच्याच ताब्यात असायचा. तो उठवून भूषण तसाच बैठकीच्या खोलीत गेला.

नानासो आणि बाळासो टेबलाच्या दोन टोकांना बसले होते. यादीवर सह्या करायला बाळासो सकाळच्या गाडीनं आले होते. दुपारी दोनला जीप साताऱ्याला निघणार होती.

"साहेब, आमच्या घराची नोंद सापडली," भूषण म्हणाला. "पानशेंडी, एकशे तेरा. संघाच्याच रेकॉर्डमधली आहे. आजच्या यादीत घ्यावी."

नानासोंनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "बयाबाई, हजर. जोतिबा, हजर. आक्काताई, हजर." त्यांनी मान वर केली. "आक्काताई म्हंजी तुमच्या मातोश्री न्हवं?"

भूषणला वाटलं, चुकीचं वाचलं. "गैरहजर असेल, साहेब."

"हजर हाय. ह्ये बगा. तुमी तेवढं गैरहजर." नानासोंनी बोट खाली नेलं. "गनतीची तारीख, एकतीस मार्च सत्त्यान्नव. आजचीच."

कागद टेबलावरून बाळासोंकडं गेला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"थोरवडे," बाळासो सावकाश म्हणाले, "ह्या कागदापरमानं तुमची मानसं गावातच हायत. हजर म्हंजी गाव सोडल्यालं न्हाई. ज्यानं गाव सोडलं न्हाई त्यो धरनग्रस्त कसा?"

"साहेब, गाव पाण्याखाली आहे. तिथं कोण राहणार?"

"ते आमाला सांगताय व्हय? आमी तितलीच मानसं," नानासो म्हणाले. "पर कागद काय म्हनतोय ते बगाया पायजे. उद्या जिल्ह्याला कुनी इचारलं तर काय सांगू? बाळासोंचं बरोबर हाय."

"नानासो म्हनत्यात तेच," बाळासो म्हणाले.

चहा घेऊन आलेला माणूस दारातच थबकला. तीस वर्षांत त्या टेबलावर असं घडलं नव्हतं. ज्यांचं कुठल्या घड्याळात किती वाजले यावर एकमत होत नव्हतं, त्यांचं थोरवड्यांच्या एका घरावर झालं. भूषणला हसू आलं, आणि ते इतकं कडू होतं की त्यानं ओठ मिटून घेतले.

तो काचेच्या खोलीत गेला. मोहसीन वाट पाहत बसला होता. "काढ," भूषण म्हणाला. "कुठलाही काढ." मोहसीननं सांगलीचा काढला, तोवर दीड वाजून गेला होता. आवाज थांबला. सर्व्हर शहाण्यासारखा चालू झाला आणि पडद्यावर आकडा आला ६३०. पानशेंडी ११३ गेली होती, आणि अकरा कुटुंबं गेली होती. ती नव्यानं टाइप करायची तर माणसांची नावं हवीत, कागद हवेत. तात्याबाच्या घरची चार नावं भूषणला आठवत होती, पाचवं काही केल्या आठवेना. उंब्रजला जाऊन यायला वेळ नव्हता. जीप खाली हॉर्न देत होती. त्यानं सहाशे तीस कुटुंबांची यादी छापली, खाली 'तपासली, बरोबर आहे' असं लिहून सही केली आणि खाली नेऊन दिली.

सही करताना तीस वर्षांपूर्वीचा तो कारकून त्याच्या डोळ्यांसमोर आला. त्यालाही बहुतेक उशीर होत असेल.

७

तो मलकापूरला पोचला तेव्हा तीन वाजले होते. गल्लीत ऊन रणरणत होतं. आक्काताई दारात उभी होती. तिनं धम्मसभेला जातानाचं पांढरं पातळ नेसलं होतं आणि डोक्यावर पदर घेतला होता. पातळाला घोट्यापर्यंत पाणी लागलेलं होतं. उंबऱ्याशी फरशी कोरडी होती.

"किती उशीर रं," ती हळू आवाजात म्हणाली. "सायेब आल्यात."

"कुठले साहेब?"

"गनतीचं. कवाचं आल्यात. पयलं आत्तीचं नाव घेतलं. मग ह्यांचं. मग माझं." तिचा चेहरा असा उजळला होता की भूषणनं तो आयुष्यात कधी तसा पाहिला नव्हता. "मी म्हनलं, हजर. लिवलं बग त्येंनी. माज्या डोळ्यादेकत लिवलं."

"आई, आत कुणी नाही. तू चल बाहेर. उन्हानं तुला काहीतरी झालंय."

"मग तुजं नाव घेतलं. मी म्हनलं, कामावर गेलाय, दुपारच्याला यील. मला वाटलं, आता ह्येबी उठून जात्यात तवासारखं. पर न्हाई बग. म्हनलं, थांबतो."

भूषण तिच्या खांद्यावरून आत पाहायला तयार नव्हता, तरी त्यानं पाहिलं. बाहेरच्या उन्हातनं आत नीट दिसत नव्हतं. कॉट दिसली. कॉटच्या कडेला कुणाचे तरी दोन गुडघे होते, त्यांच्यावर उघडी वही होती आणि वहीवर लेखणी धरलेला हात होता. खाली जमिनीवर, मोरीच्या पडद्याला टेकून, एक लहानखुरी म्हातारी इकडं पाठ करून बसली होती. तिच्या केसांतून पाणी निथळत होतं आणि फरशीवर कुठंच पडत नव्हतं. कॉटवरच्या माणसाचा चेहरा अंधारात होता.

हे मला दिसतंय कारण मी चार रात्री नीट झोपलो नाही, असं भूषण मनात म्हणाला. तो हे अगदी स्वच्छ शब्दांत म्हणाला, आणि त्याचा आपल्या म्हणण्यावर विश्वासही होता.

"बुद्धभूषण जोतिबा थोरवडे," आतून आवाज आला.

आवाज मऊ होता, समजुतीचा, बिलकुल घाई नसलेला. शुक्रवारी याच आवाजात कुणीतरी तात्याबाला काळजी करू नका म्हणालं होतं. भूषणनं तोंडावर हात दाबून धरला आणि तो एक पाऊल मागं सरकला.

"बोल की रं," आक्काताई कळवळून म्हणाली. "सायेब खोळंबल्यात. परत गेलं तर पुन्यांदा कोन येतंय?"

त्यानं मान हलवली. गल्लीत पळायचं एवढंच त्याला सुचत होतं, पण तेवढ्यात आईनं त्याचं मनगट धरलं. खडी फोडलेला हात होता तो, चौपन्नाव्या वर्षीही त्याच्यात ताकद होती. आत लेखणी वाट पाहत होती. आक्काताईनं एकदा लेकाकडं पाहिलं, एकदा आत पाहिलं. पुन्हा तीस वर्षं हेलपाटे घालायची तिची तयारी नव्हती. तिनं त्याला ओढून उंबऱ्यावर उजेडात उभं केलं, आतून चेहरा दिसेल असं.

"हजर हाय, सायेब," ती म्हणाली. "ह्यो बगा. आता दिसतोय न्हवं? लिवा."